पंचनाम्यातला एक शब्द

गेल्या महिन्यात अंधेरीत एका घरी ताजियतीला गेले होते. पंचविशीतला मुलगा लोकलमधून पडून गेला. आत बायका म्हणत होत्या, "घडी आली होती, कोण काय करणार?" बाहेर पुरुष म्हणत होते, "दरवाज्यात लटकायची गरजच काय होती?" मुलाची अम्मी दोन्ही ऐकत होती.

एका बोलण्यात तकदीर, दुसऱ्यात मुलाची चूक. गर्दी, गाडी आणि फलाट कोणाच्याच बोलण्यात नव्हते. उंट आधी बांध आणि मग अल्लाहवर भरवसा ठेव, ही शिकवण आपण मुलांना देतो. ती गाड्या चालवणाऱ्यांनाही लागू आहे, हे मात्र विसरतो.

2023 मध्ये मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर 2,590 माणसं दगावली. म्हणजे रोजची सात. एवढी माणसं एका दिवशी एका ठिकाणी गेली असती तर देश हादरला असता. पण कोणी बोरिवलीला जातो, कोणी मुलुंडला, आणि प्रत्येक मय्यत आपापल्या मोहल्ल्यातून निघते. म्हणून ते त्या त्या घराचं दुःख ठरतं, शहराचा प्रश्न ठरत नाही.

घाटकोपरला एकदा उलटं घडलं. 11 जानेवारी 2014 रोजी कॉलेजात शिकणारी सोळा वर्षांची मुलगी गाडी पकडताना गाडी आणि फलाट यांच्यामधल्या फटीत पडली. दोन्ही हात गेले. ती फट काही त्या दिवशी पडलेली नव्हती, आपण सगळ्या वर्षानुवर्षं साडी किंवा बुरखा सावरत ती ओलांडत आलो होतो. चालती गाडी कशाला पकडायची, असं तेव्हाही काही जण म्हणाले. पण या वेळी वर्तमानपत्रांनी मुलीसोबत फलाटाची उंचीही मोजली. मुंबई उच्च न्यायालयाने रेल्वेला जाब विचारला. फलाट 900 मिलिमीटरपर्यंत उंच करण्याच्या कामाला वेग आला. 2020 मध्ये त्या मुलीला एका दात्याचे हात बसवले गेले. फट तीच होती, पण आता तिला 'धोका' हे नाव मिळालं होतं, आणि नाव मिळाल्यावर कोणाला तरी उत्तर द्यावं लागलं.

मुंब्र्यालाही तेच. 9 जून 2025 रोजी वळणावर दोन गाड्यांच्या दरवाज्यांतले प्रवासी एकमेकांना घासून खाली पडले. त्याच दिवशी नव्या लोकलना आपोआप बंद होणारे दरवाजे बसवण्याची घोषणा झाली. दरवाज्यातून माणसं पडतात हे त्याआधी कोणाला ठाऊक नव्हतं का?

पण बातमी न झालेल्या घरांचं काय? तिथे सगळं पंचनाम्यातल्या एका शब्दावर येऊन थांबतं. 'रूळ ओलांडताना' असं लिहिलं गेलं तर भरपाईचा रस्ता जवळजवळ बंद होतो. 'चालत्या गाडीतून पडून' असेल तर रेल्वे कायद्याच्या कलम 124-अ प्रमाणे मृताच्या वारसांना आठ लाख रुपये मिळू शकतात. गाडीत चढता-उतरताना पडलेला माणूसही यात येतो. त्याचा निष्काळजीपणा होता, एवढ्या कारणावरून भरपाई नाकारता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये सांगितलं. तिकीट सापडलं नाही तरी दावा संपत नाही. घरच्यांनी प्रतिज्ञापत्र द्यायचं असतं. अर्ज रेल्वे दावा न्यायाधिकरणाकडे, घटनेपासून एका वर्षाच्या आत. दलालाची गरज नाही, पण वकील भला बघावा.

दावा लावला म्हणजे मुलाच्या मौतीचा सौदा केला, असं काही घरांत मानतात. मला ते पटत नाही. त्याच्या मागे बायको आणि दीड वर्षाची मुलगी आहे.

त्या अम्मीला मी हे हळूच सांगितलं. ती म्हणाली, पास त्याच्या पाकिटात होता, पाकीट पोलिसांकडे जमा आहे. पंचनाम्यात काय लिहिलंय ते घरात कोणीच वाचलेलं नव्हतं. मोठा मुलगा सोमवारी नक्कल काढायला जाणार आहे.