पत कोणाच्या नावावर?

दुकान, गोदाम, माल ही डोळ्यांना दिसणारी मालमत्ता झाली. पेढीची खरी ताकद मात्र तिच्या नावात असते. ठरल्या मुदतीला देणे फेडले, उधारी बुडवली नाही, दिलेला शब्द फिरवला नाही, अशा वर्षानुवर्षांच्या व्यवहारातून जी अदृश्य पुंजी जमा होते तिला व्यापारी पत म्हणतात. ती कमावण्यास कधी कधी एक पिढी जाते, हे व्यापारी घरांतील वाचकांना सांगण्याची गरज नाही. आता अशी कल्पना करावी की, एखाद्या व्यक्तीने तीस वर्षे घराचा प्रत्येक हप्ता आणि दुकानदाराचे प्रत्येक बिल वेळेवर भरले आणि एके दिवशी तिला कळले की, त्यांतील एकही नोंद तिच्या नावावर नाही. १९७० च्या सुमारास अमेरिकेतील असंख्य विवाहित स्त्रियांची स्थिती नेमकी अशी होती. बहुतेकींना तिचा पत्ता लागे तो पती निवर्तल्यावर किंवा विवाह मोडल्यावर, म्हणजे ज्या दिवशी त्या नावाची सर्वाधिक गरज असे त्याच दिवशी.

अमेरिकेतील स्त्रीमुक्ती चळवळ म्हटले की मोर्चे, घोषणा आणि वादविवाद यांची चित्रे प्रथम डोळ्यांसमोर येतात. ती चित्रे खोटी नाहीत. २६ ऑगस्ट १९७० रोजी न्यूयॉर्कच्या फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवरून हजारो स्त्रिया चालत गेल्या, हा त्या देशाच्या इतिहासातील मोठाच प्रसंग होय. परंतु या चळवळीचे जे फळ सर्वांत टिकाऊ ठरले, आणि ज्याची चर्चा त्या मानाने सर्वांत कमी झाली, ते बँकेच्या खातेवहीत सापडते.

त्या काळी मोठ्या दुकानांत ग्राहकाच्या नावे उधारीचे खाते असे. लग्न होईपर्यंत मुलीच्या नावावर असलेले खाते लग्नानंतर बंद होई आणि तिला पतीच्या नावे नवा अर्ज करावा लागे. खात्यावर तिचे नाव पडे ते 'मिसेस' या बिरुदापुढे पतीचे संपूर्ण नाव जोडून. तिचे स्वतःचे पाळण्यातले नाव त्यात कोठेच नसे. घरासाठी कर्ज मागताना पत्नी नोकरी करीत असली तरी तिचा पगार धरावा की नाही, हे अधिकाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असे. तरुण पत्नीला उद्या मूल होईल, ती नोकरी सोडील, तेव्हा आजच्या तिच्या मिळकतीला अर्थ नाही, असा हिशेब मांडला जाई. मूल होणार नाही, अशा अर्थाचे डॉक्टरांचे पत्र आणण्यास सांगितल्याचीही उदाहरणे आहेत. ग्राहककर्जाच्या प्रश्नांचा विचार करण्यासाठी नेमलेल्या राष्ट्रीय आयोगाने १९७२ साली या विषयावर जाहीर सुनावणी घेतली. अविवाहित स्त्रीला अविवाहित पुरुषापेक्षा कर्ज मिळणे अवघड जाते, विवाहितेला स्वतःच्या नावे खाते मिळत नाही आणि विधवा व घटस्फोटिता यांना पुन्हा पत उभारणे सर्वांत कठीण होते, हे त्या आयोगाच्या अहवालात स्पष्टपणे नोंदले गेले.

हे सर्व कोणा दुष्टाने मुद्दाम घडवून आणलेले नव्हते. इंग्लंडकडून आलेल्या जुन्या कायद्याची ती सावली होती. विवाहानंतर पती आणि पत्नी ही कायद्याच्या दृष्टीने एकच व्यक्ती आणि ती व्यक्ती म्हणजे पती, असे ते तत्त्व. १८४८ साली न्यूयॉर्क राज्याने विवाहित स्त्रीला स्वतःची मालमत्ता बाळगण्याचा हक्क दिला. त्याच वर्षी, त्याच राज्यातील सेनेका फॉल्स या गावी स्त्रियांच्या हक्कांची पहिली परिषद भरली. मतदानाचा हक्क देशभर मिळण्यास मात्र १९२० साल उजाडले. या जुन्या पिढीची ओळख मराठी वाचकाला फार पूर्वीच झालेली आहे. पंडिता रमाबाई १८८६ मध्ये अमेरिकेस गेल्या आणि तेथील लोकस्थितीवर त्यांनी लिहिलेला मराठी ग्रंथ १८८९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात तेथील स्त्रियांच्या स्थितीवर स्वतंत्र प्रकरण आहे. मत मिळाले, पण कायद्यातून गेलेली ती सावली व्यवहारात तशीच उरली होती. मतपेटीपाशी स्वतंत्र असलेली बाई बँकेच्या खिडकीपाशी पुन्हा कोणाची तरी पत्नी किंवा विधवा होत असे.

आधुनिक चळवळीचा आरंभ बहुधा १९६३ पासून मानतात. बेटी फ्रीडन यांचे 'द फेमिनिन मिस्टीक' हे पुस्तक त्या वर्षी प्रसिद्ध झाले. सुखवस्तू घरांतील शिकलेल्या गृहिणींच्या मनातील नाव नसलेली पोकळी त्यांनी शब्दांत पकडली. त्याच वर्षी जूनमध्ये समान कामासाठी समान वेतनाचा कायदा झाला. पुढच्या वर्षी वर्णभेदाविरुद्धच्या मोठ्या नागरी हक्क कायद्यात, नोकरीत लिंगभेद करू नये, असे कलमही आले. पण नेमलेले अधिकारी ते मनावर घेईनात. नोकरीच्या जाहिराती वृत्तपत्रांत 'पुरुष हवेत' आणि 'स्त्रिया हव्यात' अशा वेगवेगळ्या रकान्यांत पूर्ववत छापल्या जात होत्या. जून १९६६ मध्ये वॉशिंग्टन येथील एका सरकारी परिषदेत याविषयी ठराव मांडण्यास परवानगी मिळेना. तेव्हा जेवणाच्या टेबलाभोवती बसलेल्या काही स्त्रियांनी स्वतंत्र संघटना काढण्याचे ठरविले. फ्रीडन यांनी कागदी रुमालावर तिचे नाव लिहिले आणि प्रत्येकीने पाच पाच डॉलर काढले. 'नॅशनल ऑर्गनायझेशन फॉर विमेन' ही पुढे देशव्यापी झालेली संस्था अशा वर्गणीवर उभी राहिली. पॉली मरे या कृष्णवर्णीय कायदेपंडित तिच्या संस्थापकांत होत्या, ही गोष्ट विसरू नये. ही चळवळ केवळ गोऱ्या सुखवस्तू बायकांची होती, असे पुष्कळदा म्हटले जाते आणि त्या टीकेत तथ्यही आहे. परंतु वर्णभेदाविरुद्ध योजलेली कायद्याची युक्ती लिंगभेदाविरुद्ध कशी वापरावी, हे ज्यांनी शिकविले त्यांत मरे अग्रभागी होत्या.

आता खातेवहीची गोष्ट. लुईझियाना राज्यातील लिंडी बॉग्ज यांचे पती हेल बॉग्ज हे प्रतिनिधिगृहातील बहुमताच्या पक्षाचे नेते. ऑक्टोबर १९७२ मध्ये अलास्कात त्यांचे विमान नाहीसे झाले, ते पुन्हा सापडले नाही. पतीच्या निवडणुका आणि कचेरी कित्येक वर्षे सांभाळलेल्या लिंडीबाई १९७३ साली त्यांच्या जागी निवडून आल्या आणि बँकिंगविषयक समितीच्या सदस्य झाल्या. कर्ज देताना भेदभाव करू नये, अशा आशयाचे विधेयक समितीपुढे आले, तेव्हा त्यात कोणकोणत्या कारणांनी भेद करू नये याची यादी होती. स्त्रियांचा उल्लेख मात्र नव्हता. बाईंनी गाजावाजा केला नाही. आपल्या प्रतीवर 'लिंग अथवा वैवाहिक स्थिती' हे शब्द हाताने लिहिले, शेजारच्या खोलीत जाऊन त्या पानाच्या प्रती काढल्या आणि सदस्यांना वाटल्या. ही चूक केवळ अनवधानाने राहून गेली असणार, असे त्यांनी गोड शब्दांत सुचविले. ते शब्द मान्य झाले. ही हकीकत त्यांनी स्वतःच पुढे सांगितली आहे. अर्थात एका पानाने कायदा होत नाही. बेला अ‍ॅबझग यांच्यासारख्या लोकप्रतिनिधी, सिनेटमध्ये रिपब्लिकन पक्षाचे बिल ब्रॉक आणि आयोगापुढे साक्ष देण्यास आलेल्या असंख्य अनाम बायका यांचा भार त्यामागे होता. २८ ऑक्टोबर १९७४ रोजी राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी समान पतसंधी कायद्यावर सही केली. दोन वर्षांनी वर्ण, धर्म, राष्ट्रीय मूळ आणि वय या कारणांवरून होणारा भेदही त्या कायद्याच्या कक्षेत आला.

व्यापाऱ्याच्या नजरेने पाहिले तर या कायद्याच्या पोटातील नियम विशेष मनोरंजक आहेत. अर्जदार स्वतःच्या मिळकतीवर पात्र असेल, तर पतीची सही मागता येणार नाही. मूल होण्याविषयी प्रश्न विचारता येणार नाहीत. पत्नीची मिळकत ती स्त्री आहे म्हणून कमी धरता येणार नाही. कर्ज नाकारले तर अर्जदाराला त्याचे कारण मिळाले पाहिजे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पती-पत्नी दोघे वापरीत असलेल्या खात्याची परतफेड दोघांच्या नावे नोंदली गेली पाहिजे. तीस वर्षे हप्ते भरणाऱ्या बाईचा इतिहास यापुढे तिच्याबरोबर राहणार होता. कर्ज फेडण्याची कुवत तपासण्यास या कायद्याने कोठेही मनाई केलेली नाही. सावकाराचा हिशेब त्याने सैल केला नाही, उलट अधिक नेमका केला. वेळेवर फेडणाऱ्या ग्राहकाला केवळ बाई म्हणून परत पाठविणे हा धंद्याच्या दृष्टीनेही आतबट्ट्याचाच व्यवहार होता.

काही जणींना मात्र कायद्याची वाट पाहणे पुरेसे वाटले नाही. ऑक्टोबर १९७५ मध्ये न्यूयॉर्क शहरात 'फर्स्ट विमेन्स बँक' उघडली. जुलै १९७८ मध्ये डेन्व्हर येथे 'विमेन्स बँक' सुरू झाली, तेव्हा पहिल्याच दिवशी दहा लाख डॉलरांहून अधिक ठेवी जमा झाल्या. हा प्रयोग तसा अगदी नवा नव्हता. १९०३ सालीच व्हर्जिनियातील रिचमंड शहरात मॅगी लीना वॉकर या कृष्णवर्णीय बाईंनी धुणी धुणाऱ्या, मोलमजुरी करणाऱ्या लोकांच्या नाण्या-नाण्यांची पेनी सेव्हिंग्ज बँक उभारली होती. स्त्रियांच्या नावाने निघालेल्या या पुढच्या बँका मात्र फार काळ त्या रूपात राहिल्या नाहीत. न्यूयॉर्कच्या बँकेने पुढे आपले नाव बदलले आणि १९९२ साली ती बंद पडली. याला अपयश म्हणण्याची घाई करू नये. मोठ्या बँकांनी स्त्री-ग्राहकाला दार उघडल्यावर वेगळ्या दाराची निकड उरली नाही, हेही त्यामागील एक कारण मानता येईल.

उद्योगासाठी लागणाऱ्या कर्जाची गाठ आणखी उशिरा सुटली. घरखर्चाच्या उधारीपुरते नियम पाळणाऱ्या बँका, धंद्यासाठी बाई कर्ज मागू लागली की पती, वडील किंवा भाऊ यांची सही मागत. घरात दुसरा पुरुष नसल्याने एका उद्योजिकेला सज्ञानही न झालेल्या मुलाची सही कर्जाच्या कागदावर घ्यावी लागली, अशी हकीकत त्या काळची म्हणून सांगितली जाते. प्रतिनिधिगृहातील लघुउद्योग समितीचे अध्यक्ष जॉन लाफॉल्स यांनी १९८८ मध्ये या प्रश्नावर सुनावण्या घेतल्या आणि त्याच वर्षी २५ ऑक्टोबर रोजी राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी स्त्री-उद्योजकता कायद्यावर सही केली. स्त्रियांना धंद्याचे प्रशिक्षण देणारी केंद्रे त्यातून उभी राहिली आणि त्यांच्या उद्योगांची मोजदादही अधिक पूर्णपणे होऊ लागली. १९७२ च्या गणनेत स्त्रियांच्या मालकीचे उद्योग सुमारे ४ लाख, म्हणजे एकूण उद्योगांच्या ५ टक्क्यांहूनही कमी भरले होते. आज त्यांची संख्या सव्वा कोटीच्या पुढे गेली आहे. यांतील बहुसंख्य उद्योगांत मालकिणीखेरीज एकही नोकर नाही, हेही त्या आकड्याबरोबर वाचले पाहिजे.

चळवळीची सर्वांत मोठी मागणी मात्र पूर्ण झाली नाही. स्त्री-पुरुष समानतेची हमी राज्यघटनेतच देणारी दुरुस्ती मार्च १९७२ मध्ये काँग्रेसने मंजूर केली. ती अमलात येण्यास ३८ राज्यांची संमती हवी होती. १९८२ ची मुदत संपली तेव्हा ती ३५ वर अडकली होती. फिलिस श्लाफ्ली यांनी तिच्याविरुद्ध गृहिणींची फळी उभी केली. पत्नीचे पालनपोषण करण्याची पतीवरील कायदेशीर जबाबदारी या समानतेत वाहून जाईल, ही त्यांची भीती अनेक घरांत खरी वाटली. त्या भीतीची टिंगल करणे चळवळीतील काहींना सोपे गेले, तिला उत्तर देणे तितके सोपे गेले नाही. घर हेच जिचे आयुष्यभराचे काम, तिला उद्याची हमी कोण देणार, हा प्रश्न पोकळ नव्हता. वेतनाचे अंतरही पूर्ण मिटलेले नाही. १९६३ मध्ये पूर्णवेळ काम करणाऱ्या पुरुषाच्या १ डॉलरमागे स्त्रीला ५९ सेंट मिळत, अलीकडे ते सुमारे ८३ सेंटपर्यंत पोहोचले आहेत. आणि १९७३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिलेला गर्भपातविषयक निर्णय त्याच न्यायालयाने २०२२ मध्ये फिरविला. न्यायालयाने दिलेले न्यायालय परत घेऊ शकते, हे अमेरिकी स्त्रियांनी अशा रीतीने अनुभवले.

१९७४ च्या कायद्याला मात्र असा धक्का बसलेला नाही. त्याविरुद्ध मोर्चे निघत नाहीत आणि तो रद्द करावा म्हणून कोणी निवडणूक लढवीत नाही. त्याच्या नियमावलीत एक छोटे कलम आहे. अर्जावर मिस, मिसेस, मिझ किंवा मिस्टर यांपैकी कोणतेही बिरुद लिहिणे अर्जदाराच्या इच्छेवर राहील, आणि खाते उघडताना ती स्वतःच्या नावापुढे माहेरचे आडनाव, सासरचे आडनाव किंवा दोन्ही मिळून लावू शकेल. सावकाराने त्याला हरकत घ्यावयाची नाही.