ख्रिस्ती धर्म कालबाह्य झाला काय?

आमच्याकडील सुशिक्षितांच्या संभाषणांत अलीकडे एक विधान वारंवार कानांवर येतें. तें असें कीं, ख्रिस्ती धर्माचा काळ आतां संपला. प्रमाण म्हणून इंग्लंडकडे बोट दाखविण्यांत येतें. इंग्लंड व वेल्स यांच्या खानेसुमारींत आपणांस ख्रिस्ती म्हणविणारांचें प्रमाण २०११ सालीं शेंकडा ५९.३ होतें, तें २०२१ सालीं शेंकडा ४६.२ वर आलें. आणि आपणांस कोणताच धर्म नाहीं असें लिहून देणारे शेंकडा ३७.२ झाले. ज्या देशानें जगभर मिशनरी धाडले, त्याच देशांत ख्रिस्ती म्हणविणारे निम्म्याहून कमी उरले, याहून सबळ पुरावा तो कोणता, असा या मंडळींचा प्रश्न असतो. उलट पक्षीं या धर्माचे कैवारी शाळा, इस्पितळें, अनाथाश्रम यांची यादी पुढें करतात, आणि एवढें कार्य करणारा धर्म निरुपयोगी कसा, असें विचारतात. प्रस्तुत लेखक ख्रिस्ती नाहीं. तेव्हां या वादांत त्याच्या पदरचें कांहीं जाणार नाहीं, असें वाचकांस वाटण्याचा संभव आहे. तें खरें नाहीं. एका धर्माच्या कालोचिततेविषयीं आपण जी कसोटी आज मान्य करूं, तीच उद्यां आपल्या धर्मासहि लावावी लागेल. म्हणून कसोटी कोणती, हाच येथें मुख्य प्रश्न आहे. आणि वरील दोन्ही पक्षांची कसोटी खोटी आहे, असें आमचें म्हणणें आहे.

प्रथम शिरगणतीची कसोटी घेऊं. रिकाम्या चर्चवरून धर्म मेला असें सिद्ध होत असेल, तर भरलेल्या चर्चवरून तो जिवंत आहे असेंहि सिद्ध झालें पाहिजे. हें दुसरें विधान तपासून पाहण्यास दक्षिण आफ्रिकेच्या इतिहासाइतकें बोलकें उदाहरण क्वचितच सांपडेल. तेथील आफ्रिकानर लोक, म्हणजे मुख्यतः डच वंशाचे गोरे, हे मोठे धर्मनिष्ठ. त्यांच्या डच रिफॉर्म्ड चर्चच्या केप येथील धर्मसभेपुढें १८५७ सालीं असा प्रश्न आला कीं, गोऱ्या व गोरेतर ख्रिस्त्यांनीं एकत्र उपासना करावी कीं नाहीं. एकत्र उपासना हीच शास्त्रास धरून आहे, हें सभेनें स्पष्टपणें मान्य केलें. परंतु कांहीं जणांच्या दुर्बलतेमुळें जेथें अडचण पडेल, तेथें गोरेतरांसाठीं निराळी इमारत असावी, अशी सवलतहि तिनें ठेवली. १८८१ सालीं अशा लोकांचें निराळें चर्चच निघालें. दुर्बलता होती गोऱ्यांची. दाराबाहेर गेले ते मात्र दुसरेच!

दुर्बलतेस एकदां आसन मिळालें म्हणजे ती सिद्धान्ताचा वेष घेण्यास फार काळ लावीत नाहीं. १९४८ सालीं वर्णभेदाचें धोरण घेऊन नॅशनल पक्ष अधिकारावर आला. त्याचे पंतप्रधान डॅनियल मलान हे पूर्वाश्रमीचे याच चर्चचे पाळक. पुढील दोन वर्षांत आंतरवर्णीय विवाहांस बंदी झाली, प्रत्येक माणसाची वर्णवार नोंद करण्याचें ठरलें, आणि वर्णवार वस्त्या ठरविणारा कायदाहि संमत झाला. या सर्वांस शास्त्राधार देण्याचें काम विद्वान् धर्मोपदेशकांनीं केलें. बाबेलच्या बुरुजाच्या कथेंत देवानेंच मनुष्यांच्या भाषा निरनिराळ्या करून त्यांस पांगविलें. तेव्हां वंशावंशांची फारकत ही ईश्वरी योजनाच होय, असा हा युक्तिवाद. १९७४ सालींहि या चर्चच्या अधिकृत अहवालांत पृथक् विकासाचें समर्थन शास्त्राच्या आधारेंच केलेलें आढळतें.

त्या काळीं तेथील चर्चें रिकामीं नव्हतीं. पवित्र शास्त्र घरोघर वाचलें जात होतें, राज्यकर्ते गुडघे टेकून प्रार्थना करीत होते. शिरगणतीवाल्यांस विचारलें असतें, तर 'येथें ख्रिस्ती धर्म भरभराटींत आहे' असाच दाखला त्यांनीं दिला असता. कैवाऱ्यांची उपयुक्ततेची कसोटीहि येथें तशीच फसते. कारण याच डच रिफॉर्म्ड चर्चनें काळ्या लोकांत मिशनें काढलीं, शाळा चालविल्या, इस्पितळें बांधलीं. दयेच्या या कामांची थोरवी आम्ही नाकारीत नाहीं. पण ज्याला आपण दाराबाहेर उभें केलें, त्याला दाराबाहेरच औषध पाजून परत धाडणें म्हणजे त्याचें मनुष्यत्व मान्य करणें नव्हे.

मग खरी कसोटी कोणती? तिचें उत्तर याच चर्चमधील एका गृहस्थाच्या चरित्रांत मिळतें. बेयर्स नौडे हे जन्मानें आफ्रिकानर, धंद्यानें पाळक. ब्रूडरबोंड या आफ्रिकानरांच्या गुप्त व बलाढ्य मंडळाच्या संस्थापकांत त्यांचे वडील होते, आणि ते स्वतः १९४० पासून त्याचे सभासद होते. सत्तेच्या पायऱ्या त्यांच्यापुढें मांडून ठेवल्यासारख्या होत्या. १९६० च्या मार्च महिन्यांत शार्पव्हिल येथें पासाच्या कायद्याविरुद्ध जमलेल्या काळ्या लोकांवर पोलिसांनीं गोळीबार केला. सरकारी आकड्याप्रमाणें ६९ माणसें मेलीं. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत जोहान्सबर्गांत कॉटेस्लो येथें चर्चांची परिषद भरली. वर्णाच्या कारणावरून कोणाहि श्रद्धावंतास कोणत्याहि चर्चमधून वगळतां येणार नाहीं, असें तिनें म्हटलें, आणि या म्हणण्यास नौडे यांच्यासह डच रिफॉर्म्ड चर्चच्या बहुतेक प्रतिनिधींनीं संमति दिली. पंतप्रधान फेर्वुर्ड यांचा रोष होतांच धर्मसभांनीं आपल्याच प्रतिनिधींच्या ठरावास पाठ दाखविली. नौडे मात्र आपल्या शब्दास चिकटून राहिले. १९६३ सालीं त्यांना पाळकपद सोडावें लागलें. सर्व वर्णांच्या ख्रिस्त्यांसाठीं त्यांनीं जी संस्था स्थापिली, ती सरकारनें १९७७ सालीं बंद केली, आणि पुढें सात वर्षें त्यांच्या बोलण्यावर व भेटीगांठींवर निर्बंध लादले.

या माणसाची भीति सरकारास कां वाटावी? त्याच्यापाशीं सैन्य नव्हतें, पैसा नव्हता, अनुयायीहि फार नव्हते. संयुक्त राष्ट्रांत वर्णभेदाविरुद्ध ठरावांमागून ठराव होत. आफ्रिकानर सरकार 'हा आमच्या घरचा प्रश्न आहे' असें म्हणून ते बाजूस सारी. परंतु नौडे घरचेच होते! आफ्रिकानर माता आपल्या मुलांस जें पवित्र शास्त्र वाचून दाखवीत, त्याच ग्रंथांतून, त्याच भाषेंत ते बोलत होते. समाजास बाहेरच्यानें केलेल्या निंदेचा राग येतो. लाज वाटते ती त्यानें स्वतः पवित्र मानलेल्या शब्दांनींच. आमच्या मतें धर्माच्या कालोचिततेची कसोटी हीच आहे. आपल्याच अनुयायांवर आरोप ठेवण्याचे शब्द जो धर्म त्यांच्यांतील विवेकी माणसाच्या हातीं देतो, आणि ते शब्द उच्चारणारा मनुष्य ज्यांत अद्यापि निपजतो, तो धर्म जिवंत. मग त्याच्या मंदिरांत दहा माणसें जमोत कीं दहा हजार. ज्यानें ते शब्द राजदरबारीं गहाण टाकले, त्याच्या मंदिरांतील दिव्यांची रोषणाई ही प्रेतशृंगारापलीकडे कांहीं नव्हे.

ख्रिस्ती धर्मास हें गहाणखत विशेषच अवघड जातें. रोमन सत्तेनें गुन्हेगार ठरवून क्रुसावर खिळलेला मनुष्य हाच त्याचा प्रभु. अखेरच्या निवाड्याच्या वेळीं भुकेलेल्यास अन्न दिलें कीं नाहीं, परक्यास घरांत घेतलें कीं नाहीं, बंदिवानास भेटलांत कीं नाहीं, एवढेंच विचारलें जाईल, असें त्या प्रभूनें सांगून ठेवलें आहे. हें मूळ पुसून टाकल्यावांचून त्या धर्मास सत्तेचें पौरोहित्य करतां येत नाहीं. आणि ग्रंथ घरोघर असल्यामुळें तें कायमचें पुसलेंहि जात नाहीं. १९८२ सालीं ओटावा येथें रिफॉर्म्ड चर्चांच्या जागतिक संघानें वर्णभेदाचें धार्मिक समर्थन हें पाखंड आहे असा निर्णय दिला. १९८५ सालीं दक्षिण आफ्रिकेंतील धर्मशास्त्रज्ञांनीं व पाळकांनीं 'कैरोस' या नांवाचें जें निवेदन काढलें, त्यांत तर सत्तेची भलामण करणाऱ्या धर्मविचारासहि दोष दिला आणि दोन्ही बाजूंस गोड बोलून सलोखा करूं पाहणाऱ्या चर्चच्या धर्मविचारासहि दोष दिला; न्यायाची बाजू उघड घेणारा संदेष्ट्यांचा धर्मविचार तेवढा त्यांनीं आपला म्हटला. अन्यायी व अन्यायग्रस्त यांच्यामध्यें उभें राहून दोघांसहि सारखेंच समजावणें म्हणजे तटस्थता नव्हे, हें त्यांतील सार आमच्याकडील सर्वधर्मीय शांतिपाठकांनीं मुद्दाम लक्षांत घ्यावें.

बाजू घेणें म्हणजे आपल्या बाजूचें सर्व कांहीं पोटांत घालणें नव्हे, हेंहि तेथेंच दिसून आलें. १९८५ च्या जुलैंत डुडुझा येथें खबऱ्या असल्याच्या संशयावरून एका माणसास जिवंत जाळावयास निघालेल्या जमावांत डेस्मंड टूटू शिरले आणि त्यांनीं त्याचा जीव वांचविला. जमाव त्यांच्याच लोकांचा होता, राग खराच होता. तरीहि त्यांनीं तो अडविला.

येथें आक्षेप येईल कीं, वर्णभेदाचा पाडाव एकट्या ख्रिस्त्यांनीं केला नाहीं. अगदीं बरोबर. त्या लढ्यांत कम्युनिस्ट होते, मुसलमान होते, भारतीय वंशाचे हिंदूहि होते. आणि त्यांतून निघालेली १९९६ ची राज्यघटना कोणत्याहि एका धर्माची नाहीं, हें योग्यच झालें. विवेकबुद्धि ही ख्रिस्त्यांची मिरासदारी आहे, असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु कायदा अन्याय थांबवूं शकतो. अन्याय करणाऱ्याच्या तोंडून 'मीं अन्याय केला' हें वदवून घेणें कायद्याच्या आटोक्याबाहेरचें आहे. १९९० सालीं रुस्टेनबर्ग येथील चर्चांच्या परिषदेंत विली योंकर या स्टेलेनबॉश येथील आफ्रिकानर धर्मशास्त्राध्यापकानें आपल्या व आपल्या लोकांच्या अपराधाची उघड कबुली दिली. ती कोणत्याहि न्यायालयानें मागितली नव्हती.

तथापि याच कबुलीच्या कल्पनेंत मोठा धोका आहे, आणि तो लपवून ठेवणें हा अप्रामाणिकपणा होईल. टूटू यांच्या अध्यक्षतेखालीं सत्य व समेट आयोगाचें काम १९९६ सालीं सुरू झालें. राजकीय हेतूनें केलेल्या गुन्ह्याची पूर्ण हकीकत सांगणारास माफी मिळूं शकेल, असा त्याचा नियम होता. १९७७ सालीं पोलिसांच्या कोठडींत झालेल्या मारहाणीनें मेलेला स्टीव्ह बिको याच्या कुटुंबानें या नियमाविरुद्ध घटनान्यायालयांत दाद मागितली. ती फेटाळली गेली. पुढें बिकोप्रकरणांतील पोलिसांस १९९९ सालीं आयोगानें माफी नाकारली खरी, परंतु त्यानंतरहि त्यांच्यावर खटला उभा राहिला नाहीं. क्षमा ही ज्याचें गेलें त्यानें द्यावयाची वस्तु आहे. ती त्याच्या वतीनें राज्यानें देऊन टाकली, तर तिच्याइतकें स्वस्त दुसरें कांहीं नाहीं. बिकोचें कुटुंब न्याय मागत होतें, तेव्हां शास्त्रवचन त्याच्याच बाजूस होतें, असें आम्हांस वाटतें.

आतां नव्या प्रकारच्या कैवाऱ्यांविषयीं दोन शब्द. रिचर्ड डॉकिन्स या प्रसिद्ध निरीश्वरवादी शास्त्रज्ञानें २०२४ सालीं असें सांगितलें कीं, आपण श्रद्धेनें नव्हे, पण संस्कृतीनें ख्रिस्ती आहोंत. प्रार्थनागीतें व जुनीं चर्चें आपणांस प्रिय आहेत. अभिरुचि म्हणून यांत वावगें कांहीं नाहीं. परंतु धर्माची श्रद्धाहि नको आणि आज्ञाहि नकोत, केवळ 'आपले' व 'परके' ओळखण्याची खूण म्हणून तो हवा, असें म्हणणारांचा वर्ग आज युरोपांत व अमेरिकेंतहि वाढत आहे. हा ख्रिस्ती धर्माचा पुनरुद्धार नव्हे. मलानसाहेबांपाशीं निदान श्रद्धा तरी होती; येथें तीहि नाहीं, फक्त कुंपण आहे.

हें सर्व सातासमुद्रांपलीकडचें समजून आमच्या वाचकांनीं निर्धास्त होऊं नये. १८५७ च्या त्या धर्मसभेची दुर्बलता भारतांतील चर्चांतहि आहे; जातवार बसण्याच्या जागा व जातवार स्मशानें यांचें दुसरें मूळ काय? कॅथलिक धर्माध्यक्षांच्या भारतीय परिषदेनेंच २०१६ सालीं चर्चमधील अस्पृश्यतेची कबुली दिली आहे. आमच्या महाराष्ट्रांत या कसोटीस उतरलेली एक थोर व्यक्ति होऊन गेली. पंडिता रमाबाईंनीं १८८३ सालीं इंग्लंडांत बाप्तिस्मा घेतला. पण एका पुरोहितवर्गाचें जूं नुकतेंच फेकून दिल्यावर दुसऱ्याचें मानेवर घेणार नाहीं, असें त्यांनीं आपल्या इंग्रज गुरुभगिनींस साफ कळविलें. १८९६-९७ च्या दुष्काळांत उपाशी मुलींना व विधवांना केडगांवास आणणाऱ्या रमाबाई आणि इंग्लंडच्या चर्चला उलट उत्तर करणाऱ्या रमाबाई या एकच होत. त्यांचें दुष्काळकार्य तेवढें आठवून त्यांचें उत्तर विसरणारे कैवारी त्यांना अर्ध्याच ओळखतात.

म्हणून, ख्रिस्ती धर्म कालबाह्य झाला काय, या प्रश्नास आमचें उत्तर असें: जेथें तो सत्तेचा भाट किंवा जातीचें कुंपण झाला आहे, तेथें तो आधुनिक काळापूर्वींच मेला, आणि जेथें तो स्वतःच्या धर्मसभेस जाब विचारतो, तेथें त्याची गरज आज पूर्वींपेक्षां अधिक आहे. इंग्लंडच्या खानेसुमारीवरून त्याचें मृत्युपत्र लिहूं पाहणाऱ्या आमच्या स्वधर्मीयांनीं एवढें स्मरावें कीं, १९३० सालीं नाशिकास काळारामाचें दार अस्पृश्यांसाठीं बंद राहिलें, तेव्हां आंत भक्तांची वाण मुळींच नव्हती.