गीझर बदलताना

माळव्यात थंडी पडली, की जुना गॅस गीझर बदलण्याचा विचार घरोघरी होतो. चौकशी होते ती किमतीची, आणि मिनिटास ६ लिटर पाणी तापेल ना याची. माझ्या मते पहिला प्रश्न निराळा असावा : तो बसवायचा कोठे?

आजीचा तांब्याचा बंब परसात धुमसे. धूर मोकळ्या आभाळात जाई. गीझरची ज्योत धूर दाखवीत नाही, म्हणून आपण तिला बंद न्हाणीघरात आणले. परंतु ती तेथील प्राणवायू खाते आणि तो अपुरा पडताच कार्बन मोनॉक्साइड निर्माण करते. घरगुती गॅसला मुद्दाम वास दिलेला असतो. या विषारी वायूला रंगही नाही, वासही नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो. स्नान करणाऱ्यास भोवळ येते, आणि कडी आतून लावलेली असते.

तेव्हा नवा गीझर जुन्याच खिळ्यावर टांगू नये. तो बाहेर, मोकळ्या हवेत बसवावा. आत केवळ पाण्याचा नळ यावा. तशी जागा नसेल, तर विजेचा घ्यावा. चार पैसे अधिक पडतील. पण बंद दारावर थापा मारीत हाका घालण्याची वेळ येणार नाही.