घरचा कॉम्प्युटर म्हणजे धंद्याचा गल्ला: विंडोज १० वर अजून किती दिवस?



"सर, विंडोज १० मस्त चालतंय, मग ११ कशाला टाकू?" हा प्रश्न मला सारखा विचारला जातो. माझं उत्तर थोडं टोचेल, पण ऐका. "चालतंय" आणि "सुरक्षित आहे" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

विंडोज १० आलं २९ जुलै २०१५ ला. मायक्रोसॉफ्टने त्याचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद केला. याचा अर्थ तुमचा कॉम्प्युटर त्या दिवशी बंद पडला असा नाही. तो सुरूच राहतो. फक्त यापुढे नवीन भोक सापडलं तर ते बुजवणारं अपडेट येत नाही. दुकानाचं शटर आहे, कुलूपही आहे, पण त्या कुलपाची डुप्लिकेट किल्ली बाजारात आली तरी कुलूप बदलून मिळणार नाही, अशी ही गत आहे.

तुम्ही म्हणाल, "माझ्या कॉम्प्युटरमध्ये चोरण्यासारखं आहे काय?" बघा बरं एकदा. गिऱ्हाइकांची उधारी, टॅलीचा डेटा, जीएसटीची बिलं, नेट बँकिंग, आधार-पॅनचे स्कॅन. त्याच मशीनवर मुलं गेम डाउनलोड करतात. आपण त्याला "घरचा कॉम्प्युटर" म्हणतो, पण प्रत्यक्षात तो आपला गल्ला आहे. लक्ष्मीपूजनाला त्याला हळदकुंकू लावता ना? मग वर्षभर त्याची काळजी पण घ्या!

मे २०१७ मधलं वॉनाक्राय आठवतंय? फाइल्स लॉक करून पैसे मागणारा तो व्हायरस जगभर पसरला, ब्रिटनमधल्या सरकारी हॉस्पिटलांचं कामकाजसुद्धा कोलमडलं. यातली खरी शिकण्याची गोष्ट वेगळीच आहे. ते भोक बुजवणारं अपडेट मार्च २०१७ मध्येच आलं होतं. ज्यांनी ते टाकलं नव्हतं, ते सापडले. तिथे अपडेट असून लोकांनी घेतलं नाही. इथे तर यापुढे अपडेटच येणार नाही.

आता दुसरी बाजू. भीती घालून नवीन मशीन गळ्यात मारणारेही कमी नाहीत. लगेच पन्नास हजार काढू नका. आधी "पीसी हेल्थ चेक" हे मायक्रोसॉफ्टचं फुकट ॲप चालवा. विंडोज ११ ला साधारण इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षा चिप लागते. बऱ्याच मशीनमध्ये टीपीएम असतं, पण बायोसमध्ये बंद ठेवलेलं असतं. ते चालू केलं की काम झालं. तुमची विंडोज १० ओरिजनल असेल आणि मशीन बसत असेल, तर ११ चं अपग्रेड फुकट आहे. इथे टाळाटाळीला कारणच नाही.

मशीन बसत नसेल तर? घरगुती कॉम्प्युटरसाठी मायक्रोसॉफ्टने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत जादा सुरक्षा अपडेटची सोय जाहीर केली. सेटिंग्ज मायक्रोसॉफ्ट खात्याशी सिंक केल्या तर त्याचे वेगळे पैसे लागत नाहीत. पण ही मुदतवाढ आहे, सुटका नाही. तेवढ्या काळात दर महिन्याला थोडे पैसे बाजूला टाका आणि धंद्यासाठी वेगळं मशीन घ्या. जुन्यावर लिनक्स मिंट टाकून मुलांना अभ्यासाला द्या, छान चालतं. मात्र टॅली विंडोजसाठी बनलंय, त्यामुळे हिशोबाचं मशीन लिनक्सवर नेण्याआधी दहादा विचार करा.

आणि तो "जुगाड करून ११ टाकून देतो" वाला? त्याला नम्रपणे नाही म्हणा. न बसणाऱ्या मशीनवर पुढची अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. ज्या अपडेटसाठी एवढा खटाटोप, त्याचाच भरवसा नसेल तर उपयोग काय?

माझं ठाम मत सांगतो. अपग्रेडमध्ये महाग काय पडतं, तर बॅकअप नसणं. जीएसटी कायद्याप्रमाणे हिशोबाची कागदपत्रं वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात. "कॉम्प्युटर फॉरमॅट झाला, साहेब" हे उत्तर तिथे चालणार नाही. म्हणून हात लावण्याआधी एवढं करा:

१. टॅलीचा बॅकअप, बिलं आणि फोटो एक्सटर्नल हार्ड डिस्कवर घ्या. दुसरी कॉपी क्लाउडवर ठेवा. कॉपी उघडते का तेही बघा.
२. मायक्रोसॉफ्ट खात्याचा ईमेल आणि पासवर्ड डायरीत लिहा. डिस्क लॉक झाली तर तिची रिकव्हरी की बहुतेक वेळा याच खात्यात सापडते.
३. जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेली कोटेशन्स असतील तर ते फॉन्टही जपून ठेवा. नाहीतर फाइल उघडेल, पण अक्षरं वाचता येणार नाहीत.
४. प्रिंटर आणि डिजिटल सहीचा डोंगल ११ वर चालतो का, हे आधी विचारून घ्या.
५. ११ आणि २० तारखेच्या जीएसटीच्या धावपळीत हे काम काढू नका. रविवार निवडा.

अपग्रेडनंतर काही अडलंच, तर साधारण पहिल्या १० दिवसांत सेटिंग्जमधून परत विंडोज १० वर जाता येतं. म्हणून त्याच आठवड्यात बिल काढून, प्रिंट मारून सगळं तपासा.

धंदा चालवणारा माणूस गाडीचा इन्शुरन्स संपायची तारीख लक्षात ठेवतो. कॉम्प्युटरचीही तारीख तशीच कॅलेंडरवर लिहा. आणि आज दुसरं काही जमलं नाही तरी चालेल, पण बॅकअप आजच घ्या.