कल्लोल नव्हे, कल्लोळ!

परवा ग्वाल्हेरला मामेबहिणीकडे गेले होते. ती लष्करात राहते. (सैन्यात नव्हे, शहरातल्या त्या भागाचंच नाव लष्कर!) शिंद्यांच्या काळापासून तिथे मराठी घरं आहेत. त्यातली हौशी मंडळी 'संगीत संशयकल्लोळ' बसवत होती. तालमीला गेले, तर निम्मी मुलं म्हणत होती, 'कल्लोल'! हिंदीत 'ळ' नाही ना. आपल्या पोरांना तो कन्नडमधूनही मिळतो, त्यामुळे जीभ अडत नाही.

पदं मात्र त्यांना छान जमत होती. ग्वाल्हेर घराण्याचं गाव ते, कान तयारच. अडत होतं गद्य. बायकोच्या हातात परक्याची तसबीर पाहून फाल्गुनराव भडकतो, तिथे वाक्य जरा रेंगाळलं की हशा गेलाच. मोलिएरच्या कथानकावरचं हे नाटक देवलांनी आधी १८९३ साली गद्यच लिहिलं. पदं आली १९१६ साली, गंधर्व मंडळीसाठी. म्हणजे जीव संवादातच! देवल बेळगावात शिकले, अण्णासाहेब किर्लोस्करांच्या हाताखाली. अण्णासाहेब तर बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे.

कृत्तिका करणारी मुलगी म्हणाली, "मावशी, संवाद हिंदीत केले तर जास्त लोक येतील ना?"

येतीलही. पण मग पुढच्या वर्षी मराठी बोलायला निमित्त कुठलं? मी सुचवलं, कथासार हिंदीत वाटा, संवादांना हात लावू नका. दिग्दर्शक काकांनी तिला लगेच 'फळ, बाळ, कावळा' घोकायला बसवलं. दहाव्या खेपेला कावळा आला.