तारीख उलटली म्हणजे काय?

मंडळी, आज जरा चिडूनच लिहितेय. नातेवाइकांपैकी कुणी वाचत असेल तर खुशाल अंगाला लावून घ्यावं, त्यांच्यासाठीच आहे.

नातीला तारीख उलटून आज चौथा दिवस. सकाळपासून सहा फोन. "काय, अजून नाही?" "आमच्या सुनेचं तर आठ दिवस आधीच झालं हो!" काल रात्री पोरगी माझ्या शेजारी येऊन रडायला लागली. "आजी, माझंच काही चुकतंय का गं?"

मी मराठी आणि इतिहास शिकवणारी बाई, पण एवढं गणित मलाही येतं. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसात नऊ महिने सात दिवस मिळवायचे, म्हणजे २८० दिवस. (आपल्या आज्यांचे 'नऊ महिने नऊ दिवस' काही फार चुकत नव्हते!) नेगेले नावाच्या जर्मन डॉक्टरच्या नावाने हा हिशेब एकोणिसाव्या शतकापासून चालत आलाय. त्यात पाळी २८ दिवसांची धरलेली. जिची ३५ दिवसांनी येते तिची तारीख आठवडाभर पुढे जाते. म्हणून तर सुरुवातीच्या सोनोग्राफीशी ताडून बघतात. इतकं करूनही नेमक्या त्या दिवशी जन्मणारी मुलं शंभरात चार-पाच. मग उरलेल्या पंच्याण्णव जणी काय नापास?

एका काकांनी तर पंचांगच काढलं. "नाहीतरी थांबलीच आहे, गुरुवारी सकाळी सिझर करून घ्या, योग उत्तम आहे." पोटावर सुरी चालवायला मुहूर्त! २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत खासगी दवाखान्यांतली शंभरातली ४७ बाळंतपणं सिझरची निघाली, सरकारी दवाखान्यांतली १४. सगळा दोष डॉक्टरांचा कसा म्हणू? आपल्या घरातली पंचांगंही त्यात आहेत.

सिझर वाईट असं मी म्हणत नाही. माझी धाकटी सिझरनेच झाली, म्हणून आम्ही दोघी आहोत. आणि हातावर हात ठेवून बसा असंही नाही. बाळाची हालचाल कमी वाटली, पाणी गेलं, रक्त दिसलं, डोकं फार दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, तर रात्रीचे दोन वाजलेले असोत, निघायचं. एक्केचाळीस आठवडे भरले की कळा आणायचं औषध द्या असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते, कारण त्यापुढे बाळाचा धोका वाढत जातो. तिच्या डॉक्टरीणबाईंनी हे सगळं तिला नीट समजावलंय. ठरवायचं ते त्या दोघी ठरवतील. त्यात काकांचं काय काम?

असो. एक दिवसाआड तपासणी चालू आहे, ठोके छान आहेत. आत्ता ती गॅलरीत पाय वर करून पेरू खातेय. तिचा फोन माझ्या पर्समध्ये आहे, बंद. बातमी असली की आम्हीच कळवू.