संगणक बदलण्याआधी दप्तर कोण सांभाळणार?

उदगीर तालुक्यातील शेतकऱ्याला पीककर्ज हवे असो, विम्याचा अर्ज भरायचा असो किंवा वडिलांच्या पश्चात वारसाची नोंद लावायची असो, ‘सर्व्हर बंद आहे, उद्या या’ हे उत्तर त्याच्या अंगवळणी पडले आहे. एसटीचे भाडे आणि दिवसाची मजुरी ही त्या उत्तराची किंमत, आणि ती कोणत्याही शासकीय हिशेबात धरली जात नाही. कधी यंत्र खरोखरच बिघडलेले असते. कधी दूर कोठेतरी प्रणालीची नवी आवृत्ती बसविली जात असते आणि त्याची वार्ता खिडकीपुढे रांग लागल्यानंतरच गावकऱ्यांच्या कानी येते. यंत्र बदलताना दप्तराचे काय होते, हा प्रश्न तंत्रज्ञांचा म्हणून सोडून देण्याची सवय राजकीय पक्षांना जडली आहे. श्रमिकांच्या पक्षाने तरी ती सोडली पाहिजे.

संगणकाला विरोध हा येथे मुद्दाच नाही. १९८३ मध्ये बँक कर्मचाऱ्यांच्या संघटना आणि बँक व्यवस्थापने यांच्यात यांत्रिकीकरणासंबंधी करार झाला, त्या काळातील वाद प्रामुख्याने रोजगाराचा होता, आणि तो उपस्थित करणाऱ्यांना प्रगतीचे शत्रू ठरविण्यात आले. आज संगणक गावोगाव पोहोचला आहे आणि त्याची डागडुजी टाळता येत नाही. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ या घातक प्रणालीने जगभरची रुग्णालये आणि कारखाने वेठीस धरले. ज्या छिद्रातून ती शिरली ते बुजविण्याची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधी, मार्चमध्येच दिली होती. ज्यांनी ती वेळेवर बसविली नाही ते भरडले गेले. तेव्हा नवी आवृत्ती नको, असे म्हणणे हे सार्वजनिक दप्तर चोरांच्या हवाली करण्यासारखेच होईल. आक्षेप आहे तो तयारीवाचून केलेल्या बदलाला.

ही तयारी म्हणजे काही गूढ विद्या नव्हे. जुनी प्रणाली थांबविण्यापूर्वी सर्व नोंदींची संपूर्ण प्रत काढावी. तिची एक प्रत त्या संगणकापासून, त्या इमारतीपासून आणि इंटरनेटच्या जाळ्यापासूनही अलग ठेवावी. त्या प्रतीतून नोंदी पुन्हा उभ्या करून पाहाव्यात. नवी आवृत्ती आधी थोड्या यंत्रांवर चालवावी, आणि बिनसलेच तर जुन्या स्थितीवर परतण्याची वाट अगोदर आखून ठेवावी. यांपैकी सर्वाधिक चुकविले जाते ते नोंदी उभ्या करून पाहण्याचे काम. प्रत काढली, वहीत तशी नोंद झाली, अधिकाऱ्याची स्वाक्षरी झाली. पण ती प्रत उघडते की नाही हे कोणी पाहिलेलेच नसते. उदगीर परिसरातील शेतकरी सोयाबीनचे घरचे बियाणे पेरण्यापूर्वी १०० दाणे ओल्या गोणपाटात ठेवून किती उगवतात ते मोजतो. एवढी साधी खबरदारी कोट्यवधी नोंदींच्या बाबतीत घेतली जावी, ही अपेक्षा अवाजवी नाही.

श्रीमंत राष्ट्रे याबाबतीत अधिक शहाणी आहेत, असा भ्रम बाळगण्याचेही कारण नाही. २६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियातील देजॉन येथील शासकीय माहिती केंद्रात बॅटऱ्या हलविण्याचे काम चालू असताना आग लागली आणि ६०० हून अधिक शासकीय प्रणाली बंद पडल्या. सरकारी कर्मचाऱ्यांच्या दस्तऐवजांचा ८५८ टेराबाइटचा साठा जळून गेला आणि त्याची दुसरी प्रतच नव्हती. साठा फार मोठा असल्याने प्रत ठेवणे जमले नाही, हे त्यावरचे स्पष्टीकरण! त्याच्या आदल्या वर्षी, १९ जुलै २०२४ रोजी, क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने एक सदोष दुरुस्ती जगभर एकदमच पाठविली आणि सुमारे ८५ लाख संगणक कोलमडले. भारतातील विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले पास द्यावे लागले. विमानाच्या उतारूसाठी कागद आणि पेन तत्काळ बाहेर आले. तहसील कचेरीच्या दारातल्या माणसासाठी ते का येत नाहीत, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

मराठवाड्याला तर दप्तराच्या स्थलांतराचा जुना आणि कडू अनुभव आहे. उदगीर हे निजामी राजवटीत बिदर जिल्ह्यात होते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत ते उस्मानाबाद जिल्ह्यात आले, १९८२ मध्ये लातूर जिल्ह्यात गेले, आणि पुढे १९९९ मध्ये उदगीर तालुक्यातूनच जळकोट वेगळा झाला. प्रत्येक फेरबदलात माणसे जागच्या जागी राहिली आणि कागद मात्र फिरत राहिले. भाषा बदलली, नमुने बदलले. मराठवाड्यातील जमिनीच्या जुन्या वादांत आजही खासरा पत्रक आणि पाहणी पत्रक शोधावे लागते, आणि उर्दू वा मोडी वाचणारा माणूस मिळेपर्यंत प्रकरण अडून राहते. २०२३ मध्ये नेमलेल्या न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीला निजामकालीन नोंदींच्या शोधार्थ हैदराबाद गाठावे लागले. सत्तर वर्षांपूर्वी दप्तराची वाटणी होताना प्रत्येक नोंदीची जुळणी करून प्रत संबंधित तालुक्यात ठेवली गेली असती, तर लाखो कुटुंबांच्या हक्काचा प्रश्न एखाद्या परराज्यातील कपाटावर अवलंबून राहिला नसता.

दुसरे स्थलांतर हस्तलिखित सातबाऱ्याचे. राज्यातील सुमारे अडीच कोटी सातबारे संगणकात चढविले गेले तेव्हा नावे गळाली, क्षेत्राचे आकडे चुकले, इतर हक्कांतील नोंदी इकडच्या तिकडे झाल्या. त्या दुरुस्त करण्यासाठी एडिट आणि री-एडिट अशा दोन सोयी उभाराव्या लागल्या, २०१७ मध्ये चावडी वाचनाची मोहीम काढावी लागली, आणि त्यानंतर १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. चावडी वाचन ही या सर्व प्रक्रियेतील सर्वांत लोकशाहीनिष्ठ पायरी होती. ज्याची जमीन त्याच्यासमोर नोंद मोठ्याने वाचायची आणि त्याचा आक्षेप लिहून घ्यायचा, यापरती चोख तपासणी कोणतेही यंत्र करू शकत नाही. परंतु ती अनेक वर्षांच्या चुका साचल्यानंतर झाली. तरीही जी चूक राहून गेली तिच्यासाठी महसूल संहितेच्या कलम १५५ खाली अर्ज करायचा तो शेतकऱ्यानेच. यंत्राने नाव गाळावे आणि ते आपले होते हे सिद्ध करण्याचा भार ज्याचे नाव गळाले त्याच्यावर पडावा, असा हा न्याय आहे.

नोंद गळणे म्हणजे काय, हे २०२३ च्या खरिपाने दाखविले. सोयाबीन व कापूस उत्पादकांना दोन हेक्टरच्या मर्यादेत हेक्टरी ५,००० रुपये देण्याचे ठरले, पण ई-पीक पाहणीतील नोंदीची अट घातली गेली. मोबाइल नसलेला, जाळे न मिळालेला, अर्जप्रणाली अडकून पडल्याने नोंद अर्धवट राहिलेला शेतकरी त्यातून वगळला जाणार हे उघड होते. ओरड झाल्यावर सातबाऱ्यावर पीक असलेल्यांसाठी अट शिथिल झाली. शेतात सोयाबीन उभे होते याला अख्खा गाव साक्षी होता. तरी प्रथम विश्वास ठेवला गेला तो पडद्यावर. हाच विश्वास ब्रिटनमध्ये टपाल खात्याच्या होरायझन प्रणालीवर ठेवला गेला होता. १९९९ ते २०१५ या काळात तिच्या चुकीच्या हिशेबांमुळे ९०० हून अधिक उपडाकपाल अफरातफरीचे गुन्हेगार ठरले, कित्येक तुरुंगात गेले, आणि त्यांची शिक्षा रद्द करणारा कायदा २०२४ मध्ये झाला.

सहकारी पतव्यवस्थाही या धोक्याबाहेर नाही. ३१ जुलै २०२४ च्या सुमारास सी-एज टेक्नॉलॉजीज या एकाच सेवादार कंपनीवर हल्ला होताच देशातील जवळपास ३०० लहान बँकांचे, त्यांत बहुसंख्य सहकारी व ग्रामीण, देयकव्यवहार तोडावे लागले. ३१ जुलै ही पीकविम्याचीही नेहमीची अखेरची तारीख, हे ध्यानात घेतले म्हणजे वेळेचा मुद्दा कळतो. मोठे बदल जून-जुलैत करूच नयेत. पेरणी, कर्ज आणि विमा एकत्र येणारे हे दिवस पुण्यातल्या कार्यालयाला दिसत नसतील तर ते दाखवून देणे भाग आहे.

येथे कार्यकर्त्यांनी एक पथ्य पाळावे. संतापाचा पहिला धनी हाताशी असलेला ग्राम महसूल अधिकारी, म्हणजे पूर्वीचा तलाठी, होतो. बंद पडद्यापुढे तोही तितकाच असहाय असतो. त्याच्या संघटनेशी भांडण्यापेक्षा मागणी संयुक्तपणे करावी: बदलाची तारीख पंधरा दिवस आधी चावडीवर लावावी, बदलापूर्वीच्या सातबाऱ्यांची स्वाक्षरीत प्रत तालुक्यात राहावी, प्रणाली बंद असेल त्या दिवसांत हाताने लिहिलेला अर्ज पोचपावतीसह स्वीकारण्याचा अधिकार गावपातळीवर असावा आणि तेवढे दिवस मुदत आपोआप वाढावी, बदलानंतर महिन्याच्या आत पुन्हा चावडी वाचन व्हावे.

तोवर प्रत्येक शाखेने आपल्या गावातील कुटुंबांचे आजचे सातबारा आणि आठ-अ काढून घरी ठेवण्याचे काम हाती घ्यावे. कूळ, विधवा आणि परगावी ऊसतोडीला जाणारे यांच्यापासून आरंभ करावा. तालुक्याच्या दप्तराची शेवटची प्रत केव्हा काढली आणि ती उघडून कधी पाहिली, एवढे दोन प्रश्न माहितीच्या अधिकाराखाली उदगीरच्या तहसील कार्यालयाला विचारावेत. २००५ च्या त्या कायद्याप्रमाणे उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत आहे. मार्चअखेर अर्ज गेला तर उत्तर पेरणीच्या आधी हाती येते.